तक्रार करायची नाही, पण बोलायचं आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कामाच्या ठिकाणच्या जाचाबद्दल आपल्या वाचकपत्रांच्या पानावर नेहमीच पत्रं येतात, आणि एखादी वाईट बातमी आली की त्यांचा ओघ वाढतो. २०२४ च्या जुलैत पुण्यात नोकरी करणारी अवघ्या सव्वीस वर्षांची सनदी लेखापाल मुलगी गेली. तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचलं गेलं, तेव्हाही असंच झालं होतं. अशा वेळी मागण्या ठरलेल्या असतात. कायदा कडक करा, समित्या नेमा, हेल्पलाइन काढा. या मागण्यांना माझा विरोध नाही. पण मला जे सांगायचं आहे, म्हणजे तक्रार न नोंदवता मोकळेपणी बोलता येईल असा एक तटस्थ माणूस कामाच्या ठिकाणी हवा, ते या मागण्यांत कुठेच येत नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांबलं आहे, सांभाळून घ्यावं.

मी नाशिकला कामगार कल्याण अधिकारी म्हणून नोकरी केली, आधी सातपूरच्या, मग अंबडच्या औद्योगिक वसाहतीत. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण फोन अजून येतात. जुन्या कामगारांची मुलं आता हिंजवडी, खराडी, ऐरोलीला कामाला आहेत. "मॅडम, बाबांनी तुमचा नंबर दिला," अशी सुरुवात होते. मग कळतं, कोणाचं रिलिव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मुक्त केल्याचं पत्र, अडवून ठेवलंय. कोणी बाळंतपणाच्या रजेवरून परतली तर तिचं काम दुसऱ्याला देऊन तिला नुसतं बसवून ठेवलंय. कोणाला आदल्या वर्षी उत्तम शेरा होता आणि नवा मॅनेजर आल्यावर अचानक पीआयपीवर, म्हणजे 'ठरल्या मुदतीत काम सुधारा' अशा नोटिशीवर, टाकलंय. एका मुलाला तर डब्याच्या टेबलावर त्याच्या आडनावावरून रोज काहीतरी ऐकून घ्यावं लागायचं. सगळं ऐकून झालं की मी विचारते, "मग तक्रार करायची का?" जवळजवळ प्रत्येकाचं उत्तर येतं, "नको मॅडम, तक्रार नको. काय करता येईल तेवढं सांगा."

यात भित्रेपणा आहे असं मला कधीच वाटलं नाही. घराचा हप्ता चालू असतो, पुढच्या कंपनीतून चौकशीचा फोन याच मॅनेजरला जाणार असतो, आणि उद्या सकाळी त्याच्याच शेजारी बसायचं असतं. तक्रार केली की कागद तयार होतो, आणि कागद तयार झाला की त्याच्यावर आपला ताबा राहत नाही. हे नोकरी करणाऱ्या माणसाला चांगलं कळतं. म्हणून तो चहाच्या टपरीवर बोलतो, बायकोशी बोलतो, रात्री दोन वाजता मोबाइलवर शोधत बसतो, आणि शेवटी एक दिवस राजीनामा टाकतो. गप्प बसणं आणि लेखी तक्रार यांच्या मधे आपल्या कंपन्यांत, इस्पितळांत, कॉलेजांत आणि बँकांत काहीच नाही. तिथे एक माणूस हवा. त्याच्याशी बोललेलं कुठेही नोंदलं जाणार नाही, त्याला कोणाची बाजू घ्यायची नसेल, आणि त्याची पगारवाढ आपल्या साहेबाच्या हातात नसेल, असा.

जगात असा माणूस अनेक ठिकाणी पगार घेऊन हे काम करतो. त्याला ओम्बड्स म्हणतात. आपल्याकडे बँकेचा आणि विम्याचा लोकपाल लोकांना माहीत आहे, आणि राज्याचा लोकायुक्त तर १९७१ च्या कायद्यापासून आहे. पण तिथे ग्राहक किंवा नागरिक तक्रार नोंदवतो, बाहेरच्या संस्थेविरुद्ध दाद मागतो. मी म्हणते तो ओम्बड्स संस्थेच्या आतला, कर्मचाऱ्यांसाठी असतो आणि तो निवाडा करतच नाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये मेरी रो या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९७३ पासून हे काम उभं केलं. जागतिक बँकेत अशी सोय १९८० च्या दशकापासून आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००२ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी असं कार्यालय सुरू केलं आणि त्याचा अहवाल दरवर्षी आमसभेपुढे जातो. त्या अहवालात कोणाचं नाव नसतं, पण कुठे काय कुजतंय ते असतं.

प्रत्यक्षात हे कसं चालतं ते मला माझ्या भाचीमुळे कळलं. ती अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पीएचडीनंतरचं संशोधन करते. प्रयोग तिने केले, आकडे तिने काढले, आणि शोधनिबंधावर पहिलं नाव आलं दुसऱ्याच मुलाचं. तिने गाईडला एकदा विचारलं. त्यानंतर गाईडने तिच्या आठवड्याच्या भेटी बंद केल्या. व्हिसा नोकरीला बांधलेला, त्यामुळे ती कोणाकडे जायलाच तयार नव्हती. शेवटी एका मैत्रिणीने तिला ओम्बड्सकडे पाठवलं.

तिने फोनवर सांगितलेल्या बारीकसारीक गोष्टी मी लिहून ठेवल्या, कारण त्यातच सगळी खुबी आहे. ते कार्यालय एचआरच्या इमारतीत नाही, ग्रंथालयाच्या इमारतीत एका कडेच्या जिन्यावरून वर गेल्यावर आहे, त्यामुळे जिना चढणारा कुठे चाललाय ते कळत नाही. भेटीची वेळ ठरवताना सांगितलं गेलं की ईमेलमध्ये तपशील लिहू नका, नाव आणि फोन पुरे. आत गेल्यावर त्या बाईंनी आधी स्वतःबद्दल सांगितलं. मी विद्यापीठाची वकील नाही आणि तुमचीही नाही. इथे जे बोलाल ते तुमच्या परवानगीशिवाय या खोलीबाहेर जाणार नाही, अपवाद एकच, कोणाच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर. मी चौकशी करत नाही, निकाल देत नाही. आणि मला सांगितलं म्हणजे विद्यापीठाला कळवलं असं धरू नका, ते करायचं असेल तर वाट वेगळी आहे आणि ती मी दाखवीन.

मग तासभर फक्त ऐकणं. बाईंनी एका पॅडवर टिपणं घेतली आणि शेवटी भाचीच्या समोर ते कागद श्रेडरमध्ये घातले. मधे त्यांनी विचारलं, "तीन महिन्यांनी काय झालेलं असलं तर तुला बरं वाटेल?" भाची म्हणते, या प्रश्नावर ती अडखळली, कारण तोवर ती फक्त अन्याय कसा झाला तेच मनात घोळवत होती. मग दोघींनी वाटा काढल्या. स्वतः गाईडशी बोलणं. त्या नियतकालिकाचे लेखकांच्या नावांबद्दलचे नियम समोर ठेवणं. विभागप्रमुखांना मधे घेणं. रीतसर तक्रार. प्रत्येक वाटेवर काय मिळू शकतं, काय जाऊ शकतं, मुदत किती, हे बाईंनी सांगितलं आणि निवड तिच्यावर सोडली. भाचीने पहिली वाट घेतली. मग बाईंनी गाईडची भूमिका घेतली आणि भाचीने आपलं पहिलं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं, आवाज कापायचा थांबेपर्यंत. शेवटी निबंधावर दोघांची नावं बरोबरीने पहिली आली. गाईडशी तिचं फारसं जमलं नाही आणि पुढे तिने प्रयोगशाळा बदलली, पण व्हिसा आणि नाव दोन्ही राखून, स्वतःच्या वेळेला बदलली.

हे वाचून कोणी म्हणेल, अमेरिकेत ठीक आहे, आपल्याकडे हे कुठून येणार? माझं म्हणणं उलट आहे. याचं बी आपल्या मुंबईतच पडलं होतं.

गिरण्यांमध्ये जॉबरचं, म्हणजे मुकादमाचं, राज्य होतं. कामावर घेणारा तोच, काढणारा तोच, आणि रजेसाठी हात ओले करायचे तेही त्याचेच. त्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं सांगायचं तर सांगायचं कोणाला? ब्रिटिश सरकारने कामगारांच्या स्थितीची पाहणी करायला नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात शिफारस केली की कारखान्यांत लेबर ऑफिसर नेमावा आणि तो जनरल मॅनेजरखेरीज कोणाच्याही हाताखाली नसावा. १९३४ मध्ये मुंबई सरकारने कायदा करून गिरणी कामगारांच्या हितावर लक्ष ठेवायला सरकारी लेबर ऑफिसर नेमायची तरतूद केली. संघटनांना बाजूला ठेवण्यासाठी ही सोय आहे, असा संशय त्या काळीही होता, आणि तो अगदीच निराधार होता असं मी म्हणणार नाही. मग १९४८ चा कारखाने कायदा आला. त्याच्या कलम ४९ ने पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. अनेक राज्यांच्या नियमांत तर स्पष्ट लिहिलं होतं की या अधिकाऱ्याने कामगाराविरुद्धच्या शिस्तभंगाच्या कारवाईत हात घालायचा नाही आणि व्यवस्थापनाच्या बाजूने कामगाराविरुद्ध कोर्टात उभं राहायचं नाही. नियम करणाऱ्यांना कळलं होतं की ज्याच्याकडे माणूस मन मोकळं करतो त्याच्याच हातात चार्जशीट, म्हणजे आरोपपत्र, असता कामा नये.

पण त्याला नेमतो कारखाना, पगार देतो कारखाना, आणि त्याचा वार्षिक शेरा लिहितो पर्सोनेल मॅनेजर. त्यामुळे बहुतेक ठिकाणी काय झालं ते या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कल्याण अधिकारी हळूहळू एचआरचा दुय्यम अधिकारी झाला. सकाळी कोणाची तरी शो-कॉज, म्हणजे कारणे दाखवा नोटीस, टाइप करायची आणि दुपारी त्याच माणसाला "काही अडचण असेल तर सांगा" म्हणायचं. त्याने का सांगावं?

या पदावरून काय साधता येतं आणि काय हातचं जातं, हे दाखवणारा एक प्रसंग सांगते. कारखान्याचं नाव सांगत नाही. आमच्याकडे गुणवत्ता तपासणीत एक तरुण होता. गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, न बसणारे पार्ट पास करून अहवालावर सही कर, असा उत्पादन विभागाच्या साहेबांचा आग्रह होता. त्याने सही केली नाही. त्या महिन्यापासून त्याच्या वाट्याला सलग तिसरी पाळी, म्हणजे रात्रपाळी, यायला लागली आणि आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मागितलेली रजा नामंजूर झाली. तो माझ्याकडे आला तो कँटीनच्या कुपनांचं निमित्त काढून. दार लावून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलला, "मॅडम, हे कागदावर नको."

त्याला साहेबांना शिक्षा नको होती. रजा हवी होती, पाळी बदलून हवी होती, आणि खोटी सही करावी लागू नये एवढंच. मी पाळ्यांचं रजिस्टर मागवलं, सगळ्या तपासनिसांचं. तेव्हाचे प्लँट हेड सरळ माणूस होते. मी त्यांना कोणाचंही नाव न घेता दाखवलं की तपासनिसांच्या पाळ्यांना फेरपालटाचा काही नियमच नाही, आणि झोप न झालेल्या माणसाकडून गेजचं वाचन चुकलं तर माल ग्राहकाकडून परत येईल. त्यांनी सगळ्यांसाठी फेरपालट लावली आणि तपासणी अहवालावर दुसऱ्या विभागाचीही सही सक्तीची केली. त्या तरुणाचं नाव कुठेच आलं नाही. आईचं ऑपरेशन झालं.

पुढच्या वर्षी ते बदलून गेले. नवे प्लँट हेड आले आणि त्यांना माझ्या केबिनचं दार लागलेलं दिसलं की अर्ध्या तासात इंटरकॉम वाजायचा, "आत्ता कोण होतं? काय म्हणत होता?" मी नाव सांगितलं नाही, आणि त्या वर्षी माझ्या शेऱ्यात लिहिलं गेलं की मी व्यवस्थापनाशी पुरेसं सहकार्य करत नाही. माझं फार बिघडलं नाही. पण केबिनकडे येणारी पावलं थांबली, कारण इंटरकॉम वाजतो हे शॉपफ्लोअरवर सगळ्यांना कळलं होतं. एका माणसाच्या चांगुलपणावर उभी असलेली गुप्तता त्याच्या बदलीबरोबर संपते. म्हणून ओम्बड्सची स्वतंत्र जागा नियमाने बांधलेली हवी: अहवाल थेट संचालक मंडळाला किंवा विश्वस्तांना, मुदत ठरलेली, मधे काढायचं तर मंडळाच्या ठरावाने, एचआर, कायदा किंवा उत्पादन विभागाचं दुसरं कुठलंही काम नाही, आणि बसायची जागा काचेच्या केबिनीत नाही.

आता आहे त्या सोयींबद्दल. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी, हे औद्योगिक विवाद कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने आलं आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. समितीत दोन्ही बाजूंचे सारखे सदस्य असतात आणि तीस दिवसांत काम संपवायचं असतं. चांगलीच तरतूद आहे. पण तिच्यापुढे जायचं ते अर्ज घेऊन, आणि समोर बसलेल्यांतले निम्मे व्यवस्थापनाचे. शिवाय महिना १८ हजारांहून जास्त पगाराचा पर्यवेक्षक आणि कोणताही व्यवस्थापक तिच्या कक्षेत येतच नाही. म्हणजे मला फोन करणाऱ्या टीम लीड मुला-मुलींपैकी बरेच जण बाहेरच.

लैंगिक छळाबाबतचा २०१३ चा कायदा स्त्रियांसाठी मोठा आधार आहे. त्याने अंतर्गत समितीतली, म्हणजे कामाच्या ठिकाणीच नेमायच्या चौकशी समितीतली, माहिती उघड करण्यावर बंदी आणि दंडही घातला आहे. पण तिथेही लेखी तक्रार लागते, सहसा तीन महिन्यांच्या आत. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणावर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये निकाल दिला. तक्रारी २००९ च्या. समितीने घाईघाईत सुनावण्या उरकल्या, बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून चौकशी पुन्हा करायला सांगितली, आणि देशभर या समित्यांची काय अवस्था आहे त्याबद्दल न्यायालयाने नाराजी व्यक्त केली. चौदा वर्षांनी सगळे पुन्हा चौकशीच्या टेबलाशी, तक्रार करणाऱ्याही आणि ज्याच्यावर तक्रार झाली तोही. औपचारिक मार्ग हवाच. पण त्या मार्गावर पाऊल टाकण्याआधी कोणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवं, की मुदत कधी संपते, काय जपून ठेवायचं, साक्षीदार कोण, समितीत बाहेरचा सदस्य आहे का, आणि तुला हीच वाट हवी आहे का. अंतर्गत समिती स्वतः हे सांगू शकत नाही, कारण उद्या तिलाच निर्णय करायचा असतो.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना कंपनी कायद्याच्या कलम १७७ नुसार गैरप्रकार कळवायची यंत्रणा ठेवावी लागते. ती लाचलुचपत, खोटे हिशेब यांसाठी कामाची. सगळ्यांदेखत रोज अपमान करणारा साहेब त्या चौकटीत नीट बसत नाही. समुपदेशनाच्या हेल्पलाइनबद्दल मला आदर आहे, रडणाऱ्या माणसाला रात्री कोणीतरी आवाज देतं ही मोठी गोष्ट आहे. पण समुपदेशक त्या माणसाला सावरतो, त्याच्या विभागात काय चाललंय ते संचालकांपर्यंत नेत नाही. एका मॅनेजरच्या हाताखालून माणसांमागून माणसं आजारी पडून निघताहेत, हे नावं न घेता वरपर्यंत पोचवणं फक्त ओम्बड्स करू शकतो, कारण ती सगळी माणसं वेगवेगळ्या वेळी त्याच्याच खोलीत येऊन गेलेली असतात.

युनियनचं काय, असं माझे जुने मित्र विचारतील. सातपूर-अंबडमध्ये पूर्वी हे काम बरंचसं युनियनच्या कन्व्हिनरने केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पगार, बोनस, करार हे युनियनचंच काम आहे आणि ओम्बड्सने त्यात बोट घालता कामा नये. युनियन नको म्हणून ओम्बड्स आणणारी कंपनी असेल तर तिला सगळ्यात आधी मी विरोध करीन. पण आज फ्लोअरवर कायम कामगार किती उरलेत? कंत्राटी, ट्रेनी, ठरावीक मुदतीचे, यांच्यातल्या बहुतेकांना युनियनचं कार्डच नाही. कंत्राटदार म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते कंत्राटदाराला विचारा. ओम्बड्सचं दार या सगळ्यांना उघडं असलं पाहिजे, गेटवरच्या सुरक्षारक्षकाला आणि कँटीनमधल्या मावशींनाही.

मालकांची शंका वेगळी असते. खोट्या चहाड्या वाढतील. मी त्यांना सांगते, ओम्बड्सच्या शब्दावर कोणाची नोकरी जात नाही, कोणाला मेमो मिळत नाही, कारण त्याला तो अधिकारच नाही. चहाडी करणाऱ्याला तिथे काहीच मिळत नाही. मॅनेजरलाही हे दार उघडं असतं, आणि हाताखालच्या माणसाशी कसं बोलावं हे न समजणारे, पण मनातून भले असलेले पुष्कळ मॅनेजर मी पाहिलेत. त्यांनाही कुठेतरी जाऊन विचारायचं असतं.

दुसरी शंका खर्चाची, आणि ती खरी आहे. चाळीस माणसांच्या वर्कशॉपने पगारी ओम्बड्स कुठून ठेवावा? औद्योगिक वसाहतीत सांडपाण्यावर प्रक्रिया करणारं सामायिक केंद्र असतं, प्रत्येक कारखाना आपापला वाटा भरतो, तसाच वसाहतीचा एक सामायिक ओम्बड्स असू शकतो. नाशिकला निमा आहे, आयमा आहे, या उद्योजकांच्या संघटना. दोन माणसं पुरतील, त्यातली एक स्त्री हवीच. बसायची जागा कोणत्याही कारखान्यात नको. पैसे संघटनेच्या निधीतून जावेत, म्हणजे कोणी एक मालक ते अडवू शकणार नाही. आणि छोट्या ठिकाणी याची गरज जास्त आहे, कारण तिथे मालक, एचआर आणि ज्याच्याबद्दल बोलायचं तो माणूस, हे बऱ्याचदा एकच असतात.

सरकारकडे माझं एक मागणं आहे. वकिलाशी झालेलं बोलणं आपल्या पुराव्याच्या कायद्यात जपलेलं आहे. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात मध्यस्थीत झालेलं बोलणंही जपायची तरतूद आहे. ओम्बड्सशी झालेल्या बोलण्याला असं स्वतंत्र संरक्षण नाही. कंपनीने उद्या त्याला कोर्टात साक्षीला ओढलं तर त्याच्या वचनाच्या पाठीशी करारनाम्याखेरीज काही नसतं. राज्याच्या कामगार विभागाने नव्या कामगार संहितांखालच्या नियमांत, मोठ्या आस्थापनांना तरी, असा अधिकारी नेमायला सांगावं आणि त्याच्या बोलण्याला संरक्षण कसं देता येईल ते विधी विभागाला विचारावं. काही मोठ्या आयटी कंपन्यांत ओम्बड्स नावाची यंत्रणा आधीपासून आहे हे मला माहीत आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांना माझं सांगणं आहे, जाण्याआधी विचारा: तुमचा अहवाल कोणाकडे जातो, तुम्ही नोंद ठेवता का, तुम्ही चौकशी करता का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं तर ती तक्रार खिडकी आहे. वाईट नाही, पण तिथे बोललेलं तक्रार धरलं जाईल हे लक्षात ठेवूनच बोला.

ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांना मी फोनवर जे सांगते तेच इथे लिहिते. काय घडलं, कधी, कोण हजर होतं, हे त्याच दिवशी घरच्या वहीत लिहून ठेवा, कंपनीच्या लॅपटॉपवर नको. पगाराच्या पावत्या, नेमणूकपत्र, शेरे यांची प्रत घरी असू द्या, पण ग्राहकांचे किंवा कंपनीचे गुप्त कागद उचलू नका, त्यावरूनच उलट चार्जशीट येते. लैंगिक छळ असेल तर तीन महिन्यांची मुदत कॅलेंडरवर मांडा, मन तयार होईल तेव्हा होईल. अंतर्गत समिती नसलेल्या ठिकाणी काम करत असाल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. रागाच्या भरात राजीनामा मेल करू नका, एक रात्र जाऊ द्या. आणि स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटत असेल तर नोकरीचा विचार बाजूला ठेवा आणि लगेच घरच्यांना किंवा डॉक्टरांना सांगा, सरकारची १४४१६ ही टेलिमानस हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.

निमा आणि आयमाच्या पदाधिकाऱ्यांना मी वेगळं पत्र पाठवलं आहे. सामायिक ओम्बड्सची नेमणूक, त्याचे नियम, त्याला देण्याचं संरक्षणाचं लेखी वचन, यांचा कच्चा मसुदा सोबत जोडला आहे. त्यांनी बैठक बोलावली तर मी येईन, मानधन नको. युनियनच्या प्रतिनिधींनाही त्या बैठकीला बोलवावं एवढीच माझी अट आहे.

आपली,
एक निवृत्त कामगार कल्याण अधिकारी
सिडको, नाशिक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)